बुलचं फिटिंग

१२ जुलै, रविवार

बॅरल आला. खोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं, तर डोरीनला वाटलं मी तिच्यासाठी लाटणं मागवलं. हातात तोलून बघत म्हणाली, "जड आहे. पोळपाटावर बरं बसेल."

मी तिला समजावलं की हा बुल बॅरल आहे. साधा बॅरल तोंडाशी बारीक असतो, म्हणून पुढे एक बांगडी घालून त्याला पिस्तुलात अडकवतात. बुल बॅरल तोंडापर्यंत जाडजूड. त्याला बांगडीबिंगडी लागत नाही, तो आपल्याच अंगाने घट्ट बसतो. आणि घट्ट बसला की गोळी दर वेळी एकाच जागी.

"बसला की," असं म्हणून डोरीन कपडे वाळत घालायला गेली. नेब्रास्काच्या बायका लांबण लावत नाहीत.

माझं पिस्तूल मी स्वतः जमवलेलं आहे. सांगाडा एकाचा, वरचा सरकता भाग दुसऱ्याचा, मुठीचं लाकूड आमच्या मोडलेल्या पलंगाचं. डोरीन त्याला गोधडी म्हणते. या गोधडीत एकच वाईट तुकडा होता, तो म्हणजे जुना बॅरल. खुळखुळ्यासारखा वाजतो. त्याच्यापायी मी सहा वर्षं जत्रेतली नेमबाजी हरतोय आणि सहा वर्षं मागचे पाय होतोय.

हे इथे लिहून ठेवतो, कारण म्हातारपणी विसरायला आवडेल. जत्रेच्या मिरवणुकीत आमच्या क्लबचा कापडी वळू निघतो. त्यात दोन माणसं शिरतात. लोखंडी थाळ्यांवरच्या नेमबाजीत जो जिंकेल तो पुढे. डोकं, शिंगं आणि डोळ्यांची भोकं त्याची. हरेल तो मागे. कमरेत वाकून, पुढच्याचा पट्टा धरून, अंधारात. क्लबात नेम धरणारे आता आम्ही दोघंच उरलोय, बाकीच्यांचे गुडघे गेले. त्यामुळे पुढे दर वर्षी रॉयस, म्हणजे डोरीनचा भाऊ, आणि मागे मी. रॉयस मिरवणुकीच्या सकाळी मुद्दाम बीन्स खातो.

यंदा मी पुढे. मागे पुन्हा जाणार नाही.

१४ जुलै, मंगळवार

रॉयस जेवायला होता. बॅरल बघून म्हणाला, "व्हर्लिन, तू तोफ जरी बसवलीस ना, थाळी तुला टाटा करत तिथेच उभी राहील."

मी म्हटलं, "बॅरल एकदा बसू दे."

"बॅरलचं काही नाही रे," डोरीन बटाटे वाढत म्हणाली. "बार होतो तेव्हा तू डोळे मिटतोस. आधीपासून. तो बघ." आणि तिने चमच्याने भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो दाखवला. त्यात ती छान आली आहे. माझे डोळे मिटलेले आहेत.

मी विचारलं, "लग्नात कुठला बार झाला होता?"

"फ्लॅश उडाला होता."

म्हणजे फोटोग्राफरची चूक. हे मी तिला एकतीस वर्षं सांगतोय. रॉयस एवढा हसला की त्याच्या नाकातून दूध आलं.

१८ जुलै, शनिवार

फिटिंगला हात घातला. बॅरलसोबतच्या कागदावर सगळ्यात वर जाड अक्षरात लिहिलंय: काढलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून आधी निळा रंग. तो बॅरलला फासायचा, बॅरल पिस्तुलात सरकवायचा, बाहेर काढायचा. जिथला रंग पुसला गेला तिथे धातू अडतोय. तिथेच कानस, एकदाच, हलक्या हाताने. मग पुन्हा रंग, पुन्हा सरकव, पुन्हा काढ. मला हे काम आवडतं. यात कोणी बोलत नाही.

निळा रंग साबणाने जात नाही, पसरतो. सध्या तो माझ्या हातांना, डाव्या कानाला, फ्रिजच्या दाराला आणि डोरीन म्हणते कमोडच्या बैठकीला आहे. त्याबद्दल ती नेहमीपेक्षा लांब बोलली.

बुल बॅरलवालं पिस्तूल उघडायला वाकवलेली पेपर क्लिप लागते. ती एका बारक्या भोकात खुपसून स्प्रिंग दाबून धरायची. एवढी नाजूक वस्तू बनवून तिची किल्ली म्हणून पेपर क्लिप का ठेवली, देव जाणे. आज क्लिप निसटली. स्प्रिंग गॅरेजच्या दारातून थेट स्वयंपाकघरात गेली आणि डोरीनच्या जेलीत, अननसाच्या दोन चकत्यांमध्ये, ताठ उभी राहिली. जेली चर्चच्या जेवणाला न्यायची होती. स्प्रिंग उपटून, वर क्रीम फासून तिने ती नेलीच.

२२ जुलै, बुधवार

अर्धवट बसलेला बॅरल घेऊन क्लबच्या मैदानावर गेलो. एक थाळी पडली, ती वाऱ्याने. रॉयसने दुर्बिणीतून पाहिलं आणि मागचा मातीचा ढिगारा बरोबर टिपल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

घरी येताना खूप वाईट वाटलं. कोणाला सांगणार नाही, पण मनात येतं की दोष माझ्यातच असला तर? मग घरी येऊन कागद पुन्हा वाचला. "बॅरल पूर्ण बसल्याखेरीज अचूकतेची अपेक्षा करू नये." जीव भांड्यात पडला.

पुढच्या बाजूला मात्र घोडं अडलंय. निळा रंग सगळीकडूनच पुसला जातो, नेमकं कुठे घासायचं कळत नाही. एखादा जाणकार गाठायला हवा.

२५ जुलै, शनिवार

शनिवारी सकाळी रेडिओवर लोक फोन करून आपल्याला काय हवं-नको ते सांगतात. कोणी जुना नांगर विकतं, कोणी मांजराची पिल्लं फुकट देतं. पिस्तुलाचं नाव काढायला तिथे बंदी आहे. काढलं की निवेदक फोन तोडतो. म्हणून मी हुशारीने बोललो.

"माझ्याकडे एक बुल आलाय. जत्रेआधी त्याचं फिटिंग व्हायला हवं. निम्मं मी केलंय, पण पुढच्या बाजूला अडलोय. कोणी जाणकार असेल तर फोन करा."

जाणकाराला कळेल आणि बाकीच्यांना पत्ता लागणार नाही. निवेदकाने फोन तोडला नाही, फक्त विचारलं, "व्हर्लिन, तू या भानगडीत कधी पडलास?"

"हौस," मी म्हटलं.

डोरीन भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि नळ पुन्हा सुरू केला.

२६ जुलै, रविवार

फोनवर फोन. आमच्या काउंटीत बॅरलचे एवढे जाणकार असतील असं वाटलं नव्हतं. सगळे एकच सांगतात: आधी धू, भांड्यांच्या साबणाने, दोनदा. एकाला मी म्हटलं, गंजेल ना. त्याने फोन बायकोकडे दिला.

नदीपलीकडच्या एका बाईंनी मात्र नीट वेळ दिला.

"कसा आहे तुझा? मोकळा की घट्ट?"

"घट्ट आहे. हलतच नाही."

"भीतीने होतात तसे. रोज हात फिरवत जा. कानाशी हळू बोल."

"आणि जोर लावायचा तर मागून लावू का?"

"मागून अजिबात जाऊ नकोस. तुझा विमा आहे का?"

विम्याचं लिहून घेतलं. शेपटीचा गोंडा फुगवायलाही सांगितलाय. तो कुठला भाग, ते कागदावरच्या चित्रात सापडत नाही.

२८ जुलै, मंगळवार

सकाळी दारात ट्रेलर उभा. त्यातून मिसेस हुल्डा जेसप उतरल्या, काठी टेकत. लहानपणी रविवारच्या चर्चशाळेत मला यांनीच शिकवलं. अजूनही त्या दिसल्या की मी च्युइंग गम गिळतो. ट्रेलरमधून त्यांच्यामागे जे बाहेर आलं ते पांढऱ्या तोंडाचं, तांबड्या अंगाचं आणि आमच्या गाडीपेक्षा किंचित रुंद होतं. नाव डीकन.

आता लिहायलाच हवं. आमच्या भागात बुल फिट करायचा म्हणजे जत्रेच्या प्रदर्शनासाठी वळू धुऊन, भादरून, केस फुगवून उभा करायचा. हे मला पाळण्यापासून ठाऊक आहे. पण शनिवारी फोन केला तेव्हा डोक्यात बॅरलखेरीज काही नव्हतं.

"तुझा कुठाय?" हुल्डाबाईंनी विचारलं.

मी गॅरेजमधून बॅरल आणून दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "मग माझाही करून टाक. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, मला वाकवत नाही. तुला छान वाकता येतं. सहा वर्षं मिरवणुकीत बघतेय मी."

"बाई, मला यातलं काही येत नाही."

"रेडिओवर निम्मं झालं म्हणालास."

मी डोरीनकडे बघितलं. मला वाटलं ती मला सोडवेल. ती म्हणाली, "करेल तो. सकाळी वळू, दुपारी बॅरल." आणि कुंपणाचं फाटक उघडलं.

२९ जुलै, बुधवार

हुल्डाबाई फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतात आणि काठीने दाखवतात. धुणं झालं. मग केस वाळवायचा पंखा. तो गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर चालतो आणि सुरू होताना मोठा बार काढतो. बार झाला, मी दचकलो आणि डीकनने माझ्या पायावर पाय ठेवला. ठेवला तो तसाच ठेवला.

"डोळे मिटलेस तू," हुल्डाबाई म्हणाल्या.

"बार झाला ना."

"होणारच. बघत असतास तर पाय काढला असतास. आता थांब, त्याचं मन झालं की उचलेल."

त्याचं मन लवकर होत नाही. दुसऱ्यांदा पंखा सुरू केला तेव्हा पुन्हा तेच, दुसऱ्या पायावर. या जनावराला माझे अंगठे आवडलेले दिसतात.

दुपारी बॅरल. सुजलेल्या पायांनी कानस चालवताना हात आपोआप हलका पडतो, एवढा एक फायदा.

३१ जुलै, शुक्रवार

भादरायला घेतलं. "एक हात मार, मागे हो, बघ," हुल्डाबाई सांगतात. "कापलेला केस परत चिकटवता येत नाही." मी त्यांना म्हटलं की माझ्या कागदावरही अगदी हेच लिहिलंय. त्या म्हणाल्या, मग कागद शहाणा आहे.

यंत्र हातात घरघरत असताना डीकन माझ्या कानात हंबरला. क्षणभर डोळे मिटले असतील नसतील, उघडले तेव्हा त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या बाजूला, वहीच्या पानाएवढा टकला चौकोन. हुल्डाबाईंनी आजूबाजूचे केस त्यावर विंचरून घ्यायला लावले. आमचे पास्टर करतात तसे.

२ ऑगस्ट, रविवार

आज पंख्याने बार काढला तेव्हा मी डीकनच्या उजव्या खुराकडे बघत होतो. खूर उचलला गेला, मी पाय काढला, खूर रिकाम्या जमिनीवर पडला. पुन्हा बार, डावा खूर, पुन्हा रिकामी जमीन. डीकनला अपमान वाटलेला दिसला.

हुल्डाबाई म्हणाल्या, "हं." चर्चशाळेत मला त्यांच्याकडून कधी "हं" मिळालं नव्हतं.

कालच नवे बूट घातलेत. बुटांचाच फरक असणार.

४ ऑगस्ट, मंगळवार

बसला. दुपारी पुढच्या कडेला कानसेचा एक हात मारला, रंग फासला, सरकवला, आणि टक. डब्याचं झाकण नीट बसतं तसा आवाज. हलवून बघितला, खुळखुळ नाही. काढून बघितला, निळा रंग चारी बाजूंनी सारखा पुसलेला. मी तो रिकाम्या पिस्तुलात पुन्हा पुन्हा बसवून नुसता आवाज ऐकत होतो.

कोणाला तरी सांगायचं होतं. डोरीन बाजारात गेली होती. मी मागे कुंपणात गेलो आणि डीकनचं तोंड दोन्ही हातांनी धरून त्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. हात काढले तेव्हा त्याच्या पांढऱ्या शुभ्र तोंडावर माझ्या दहाच्या दहा बोटांचे निळे ठसे.

परवा प्रदर्शन आहे. साबण लावला. पसरलं.

५ ऑगस्ट, बुधवार

हुल्डाबाईंनी डीकनचं आकाशी तोंड बघितलं. मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी किती माया लावून हे जनावर वाढवलंय हे आठ दिवस बघितलंय मी, आणि सगळं मातीत घातलं माझ्या बोटांनी. मला खरंच रडू येत होतं.

"कपड्यांना नीळ घालतोस ना?" त्यांनी विचारलं.

"डोरीन घालते."

"मग पाणी आण आणि उरलेल्या पांढऱ्यालाही हेच लाव. पातळ. एकसारखं. तुला जमतं ते."

संध्याकाळपर्यंत तेच करत होतो. लावायचं, मागे व्हायचं, बघायचं.

६ ऑगस्ट, गुरुवार

रिंगणात बाकीच्या वळूंची पांढरी तोंडं डीकनपुढे पिवळट दिसत होती. परीक्षक त्याच्यासमोर बराच वेळ थांबला आणि म्हणाला, एवढं पांढरं पांढरं मी पाहिलेलं नाही. पुठ्ठ्यावरच्या विंचरलेल्या केसांवरून हात फिरवून पुढे गेला. पहिल्या नंबरची निळी फीत डीकनला मिळाली. हुल्डाबाईंनी ती माझ्या शर्टाला लावली आणि म्हणाल्या, "उद्या तुझ्या लहान्याला घेऊन ये. मी बघायला येतेय."

७ ऑगस्ट, शुक्रवार

नेमबाजी. मैदानाला जत्रेतली निम्मी माणसं आली होती. हुल्डाबाई खुर्ची घेऊन, डोरीन प्रेक्षकांच्या बाकावर कोबी-खिम्याच्या बनांची टोपली घेऊन.

रॉयसच्या सगळ्या थाळ्या पडल्या. मग मी. पहिली पडली. मी तिला पडताना पाहिलं. हे लिहायला विचित्र वाटतं, पण थाळी पडताना मी आजवर पाहिलीच नव्हती. आधी उभी असायची आणि नंतर, क्वचित, आडवी. ती मागे कलते, जरा थांबते आणि मग जाते. फार छान दिसतं. उरलेल्याही मी सगळ्या पडताना पाहिल्या.

मग रॉयस म्हणाला, "ही नेमबाजी नाही, ही खरेदी आहे. बॅरल बदलला म्हणून. बरोबरी तोडायची तर पिस्तुलांची अदलाबदल करू."

रॉयसचं पिस्तूल दुकानातून आणलेलं, त्यात साधा बॅरल, माझ्या जुन्यासारखाच वाजणारा. डोरीनकडे बघितलं. ती टोपली खाली ठेवून उभी राहिली होती.

रॉयसच्या पिस्तुलाने मी सगळ्या थाळ्या पाडल्या. म्हणजे त्याचं पिस्तूल मुळातच उत्तम आहे. सहा वर्षं तो का जिंकत होता ते आज कळलं.

रॉयसने माझी गोधडी घेतली. तिनेही काम चोख केलं, पण शेवटच्या थाळीला लोक एवढे शांत झाले होते की चाप ओढताना रॉयसने डोळे मिटले. मला स्पष्ट दिसलं. थाळी उभी राहिली. माणसाला अशी सवय कशी लागते कोण जाणे.

८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी मी बीन्स खाल्ले. दोन वाट्या.

वळूच्या डोक्यात घामाचा आणि रॉयसच्या तेलाचा वास आहे, पण दोन भोकं आहेत आणि त्यातून सगळं दिसतं. सहा वर्षं मी याच रस्त्याने चाललो, रस्ता आज पाहिला. बँडवाले, ट्रॅक्टर, मुलांच्या हातातली आइस्क्रीमं. मागून रॉयस माझ्या आईवडिलांबद्दल काहीतरी म्हणत होता.

औषधांच्या दुकानासमोर डोरीन उभी होती. ती हात हलवत होती. पण माझ्याकडे बघून नाही, खाली वाकून, मागच्या पायांकडे बघून. मग तिच्या लक्षात आलं आणि ती हसत हसत वर, डोक्याकडे, हात हलवायला लागली.

ती दर वर्षी तिथे उभी राहून मागच्या पायांना हात हलवते, हे मला माहीतच नव्हतं. कळणार कसं, आत अंधार असतो. मला एकदम भरून आलं. वळूच्या डोक्यात असताना डोळे पुसता येत नाहीत, त्यामुळे मी एका खांबाला शिंग घासून गेलो.

१२ ऑगस्ट, बुधवार

आमच्या साप्ताहिकात फोटो आला. मिरवणूक संपल्यावरचा. मी, काखेत वळूचं डोकं, मागून रॉयसचे पाय. तरुण फोटोग्राफरने भर तोंडावर फ्लॅश उडवला होता, तरी डोळे टक्क उघडे आहेत. कॅमेरा चांगला असणार. आमच्या लग्नात तसा असता तर.

डोरीनने फोटो कापून लग्नाच्या फोटोच्या चौकटीत, कोपऱ्यात, खोचला. बराच वेळ दोन्हींकडे बघत होती.

"घारे आहेत तुझे डोळे," ती म्हणाली. "भिंतीवर पहिल्यांदाच दिसतायत." मग जरा वेळाने, "हे सगळं कशामुळे जमलं, सांगू तुला?"

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "बुलमुळे."

मागे कुंपणात अजून डीकनच्या खुरांचे खड्डे आहेत, तिकडे तिने एकदा बघितलं, आणि मग खुर्चीत बसून पदर नसलेल्या बायका ॲप्रनने डोळे पुसतात तशी हसून हसून डोळे पुसायला लागली.

"हो व्हर्लिन," ती म्हणाली. "बुलमुळेच."

आमचं असं एकमत फार वर्षांनी झालं.